घोड्यांसह मुक्काम : तळाची निवड व रात्रीची व्यवस्था

दसरा उलटला आणि माळावरील गवत वाळू लागले, म्हणजे आपल्या राज्याच्या दुष्काळी भागातून मेंढपाळांचे वाडे बाहेर पडू लागतात. कोणी नदीकाठच्या काळ्या रानाकडे वळतात, कोणी घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाशी पुन्हा आपल्या गावी परततात. पुरुष मंडळी मेंढरांमागे चालतात. संसार मात्र चालतो तो घोड्यांच्या पाठीवर. पाल, भांडी, धान्याची पोती, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि पुष्कळदा लहान मूल, असा सारा बोजा घेऊन घोडी रोजच्या मुक्कामास पोहोचते, आणि तिच्या पाठीवर तो लादणे, उतरविणे व तळ मांडणे ही कामे बहुधा घरातील स्त्रिया पाहतात.

रानात मेंढ्या बसविल्याने जमिनीस उत्तम खत मिळते, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. किती मेंढ्या, किती रात्री, त्याबद्दल धान्य किती द्यावयाचे, याची बोलणी होते. परंतु त्या मेंढ्यांबरोबर आलेली दोन-चार घोडी रात्री कोठे बांधावयाची, त्यांनी काय खावयाचे व कोठे पाणी प्यावयाचे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. त्याचे परिणाम काय होतात याचा एक अनुभव प्रारंभीच सांगितला पाहिजे, कारण त्यात प्रस्तुत लेखकाची स्वतःची चूकही आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकऱ्यास मी मेंढ्या बसविण्याचा सल्ला दिला होता. वाडा आला. शेजारीच खळे होते व त्यावर नुकतीच मळलेली ज्वारी रास करून ठेवली होती. घोडी खळ्यालगतच्या बाभळीच्या फांदीस बांधली गेली. रात्री फांदी मोडली, घोडी सुटली आणि पहाटेपर्यंत राशीवर चरत राहिली. सकाळी ती जमिनीवर लोळू लागली, तेव्हा कोणीतरी सांगितले म्हणून तिला बाटलीने तेल पाजण्यात आले. पशुवैद्य येईपर्यंत दुपार झाली. सायंकाळी घोडी मेली. शेतकऱ्याने धान्याच्या नासाडीची भरपाई मागितली, मेंढपाळाने घोडीची. दोघांचेही नुकसान खरे होते आणि दोघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मेंढ्या किती बसवाव्यात हे मी त्या शेतकऱ्यास नीट सांगितले होते. घोडी कोठे बांधावी हे मात्र सांगितले नव्हते. ते येथे सविस्तर सांगण्याचा विचार आहे.

ही माहिती केवळ मेंढपाळांच्याच उपयोगाची आहे असे नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा येथे दत्तजयंतीस आणि नांदेड जिल्ह्यात माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेस घोड्यांचे मोठे बाजार भरतात, तेथे शेकडो घोडी उघड्यावर मुक्काम करतात. अलीकडे हौशी घोडेस्वार दोन-तीन दिवसांच्या रपेटीस निघून शेतकऱ्यांच्या रानात मुक्कामाची सोय मागतात आणि काही शेतकऱ्यांस त्यापासून थोडे उत्पन्नही होते. घोडे भीमथडीचे तट्टू असो वा उंची काठेवाडी, मुक्कामाचे नियम सर्वांस सारखेच लागू पडतात.

घोड्याचे पोट

बैल व घोडा ही दोन्ही कामाची जनावरे असली, तरी त्यांच्या पोटाची रचना अगदी भिन्न आहे. बैल भराभर खातो व नंतर निवांतपणे रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते व त्यात एका वेळी फार अन्न मावत नाही. म्हणून मोकळा घोडा दिवसरात्र थोडे थोडे चरत असतो. दुसरी गोष्ट अशी की, घोड्यास ओकारी होत नाही. नको ते किंवा नको तितके अन्न पोटात गेले, तर ते बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला नाही. अति धान्य खाल्ले असता ते आतड्यांत आंबते, वायू व आम्ल तयार होते, पोट फुगते आणि पोटशूळ सुरू होतो. त्यातून जनावर वाचले, तरी पुढील दोन-तीन दिवसांत खुरांच्या आतील नाजूक भागास दाह होऊन ते कायमचे लंगडे होण्याची भीती असते.

या रचनेवरून मुक्कामाचे तीन नियम आपोआप निघतात. वैरण थोडी थोडी परंतु वारंवार द्यावी, धान्य मोजून द्यावे, आणि साठविलेल्या धान्यापर्यंत घोडी कोणत्याही परिस्थितीत पोहोचू नये.

घोड्याचे वजन कसे काढावे

वैरण, चंदी व ओझे ही सर्व वजनाच्या प्रमाणात ठरवावयाची असतात. तराजू नसला तरी एका फितीने वजनाचा अंदाज करता येतो. पुढील पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्यास लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येस ११,९०० ने भागावे. येईल ते अंदाजे वजन किलोग्रॅममध्ये होय. उदाहरणार्थ, घेर १३५ व लांबी १४० सेंटिमीटर असेल, तर तट्टाचे वजन सुमारे २१४ किलो भरते.

अशा तट्टाने खोगिरासह आपल्या वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतके, म्हणजे सुमारे ४३ ते ५३ किलो, ओझे वाहणे योग्य होय. ओझ्याच्या व भारवाहू जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार तट्टावर ७० किलोपेक्षा अधिक ओझे लादण्यास मनाई आहे. त्याच नियमांप्रमाणे जनावरांकडून दिवसात एकूण ९ तासांपेक्षा अधिक व विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, आणि तापमान ३७ अंश सेंटिग्रेडहून अधिक असेल अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ या वेळात काम घेण्यास बंदी आहे. यासाठी मुक्काम शक्य तो दिवस मावळण्यापूर्वी दोन तास गाठावा. अंधारात निवडलेली जागा बहुधा चुकीची निघते.

जागेची निवड

तळासाठी जमीन थोडी उंच, निचऱ्याची व घट्ट असावी. ओल्या जमिनीत रात्रभर उभे राहिल्याने खुरे मऊ पडतात व सडतात. कोरड्या नदीपात्रातील वाळू बसावयास मऊ वाटते, परंतु वाळूवर टाकलेली वैरण खाताना घोड्याच्या पोटात वाळू जाते व ती आतड्यांत साचून पोटशूळ होतो. तेथे मुक्काम करणे भागच पडले, तर वैरण गोणपाटावर आणि चंदी तोबऱ्यातच द्यावी. अवकाळी पावसाच्या दिवसांत ओढ्याच्या पात्रात तळ कधीही टाकू नये.

विहीर, ओढा किंवा तलाव यांच्या काठापासून घोडी किमान ६० मीटर दूर बांधावी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जंगलातून घोड्यावरून प्रवास करणाऱ्यांस असाच सल्ला दिला जातो आणि तो आपल्याकडेही सर्वस्वी योग्य आहे. लीद व मूत्र पाण्यात उतरले तर ते पाणी माणसांनाही अपायकारक ठरते.

यापुढील गोष्टी शेतकऱ्याने स्वतः मेंढपाळास किंवा प्रवाशास दाखवून द्याव्यात, कारण परक्या माणसास त्या ठाऊक नसतात. खळे, धान्याची कोठी व पेंडीची पोती कोठे आहेत ते सांगावे व घोडी त्यांच्यापासून दूर बांधण्यास सांगावे. फवारणीची औषधे, त्यांचे रिकामे डबे आणि रासायनिक खतांच्या गोण्या तळापासून दूर हलवाव्यात. मिठासाठी घोडी खताच्या गोण्या चाटतात. विजेचे खांब, ताण-तारा व मोटारीची पेटी यांजवळ घोडी बांधू देऊ नये. रानडुकरांच्या भीतीने काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीजप्रवाह सोडला जातो. हे कृत्य बेकायदा तर आहेच, परंतु त्यात डुकरांबरोबर माणसे व गुरेही प्राणास मुकतात. ज्या शिवारात असा प्रकार चालतो तेथे कोणासही मुक्कामास बोलावू नये.

उसाच्या फडालगत तळ नसावा. आपल्याकडील ऊसपट्ट्यात बिबट्या फडात दडून राहतो व शिंगरू त्याचे सोपे भक्ष्य ठरते. शिंगरे तळाच्या मध्यभागी, माणसांच्या पालांजवळ ठेवावीत व रात्री दिवा जळत ठेवावा.

बांधण्याच्या पद्धती

घोडा हे भित्रे जनावर आहे. संकट आले की उधळून पळणे हाच त्याचा स्वभावधर्म होय. म्हणून बांधणी अशी असावी की तो सुटू नये, आणि अडकला तर त्याला इजा होऊ नये.

साधी बांधणी : जाड व जिवंत झाडाच्या खोडास, घोड्याच्या खांद्याइतक्या उंचीवर, सुमारे हातभर दोर ठेवून बांधावे. दोर खाली व लांब ठेवल्यास पाय अडकतो. गाठ एका झटक्याने सुटेल अशी मारावी. फांदी, कुंपणाची तार, गाडीचे चाक किंवा दगडी बांधातील सैल दगड यांस घोडे कधीही बांधू नये. वर सांगितलेल्या प्रसंगी हीच चूक झाली. मात्र ही पद्धत थोड्या वेळापुरतीच चांगली. रात्रभर एका खोडास बांधलेला घोडा साल कुरतडतो व खुरांनी मुळे उघडी करतो. शेतकऱ्याचे आंब्याचे किंवा चिंचेचे झाड अशा रीतीने दोन-तीन मुक्कामांत वाळू शकते.

अगाडी-पिछाडी : ही आपल्याकडील जुन्या पागेची पद्धत आहे. म्होरकीस दोन दोर लावून ते पुढील दोन मेखांस बांधतात व मागील पायांतील पट्ट्यांचे दोर मागील मेखेस बांधतात. जमीन घट्ट असल्यास ही पद्धत चांगली. मेख हातभर लांब असावी व ती पूर्ण ठोकावी. पिछाडीचा पट्टा रुंद व मऊ असावा. सुंभाच्या दोराने पाय कापला जातो आणि ती जखम बरी होण्यास महिने लागतात.

पायबंद : पुढील दोन पाय आखूड पट्ट्याने बांधून चरावयास सोडण्याची चाल मेंढपाळांत आहे. दिवसा, नजरेखाली व सपाट जमिनीवर ती चालेल. रात्री, दगडधोंड्यांच्या किंवा उघड्या विहिरींच्या शिवारात ती धोक्याची होय.

आडवा दोर : अमेरिकेतील घोडेस्वारांच्या तळांवर ही पद्धत रूढ आहे व ती आपल्याकडेही अनुकरण करण्याजोगी आहे. दोन जाड झाडांच्या मध्ये, जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर, एक मजबूत दोर ताणून बांधतात. दोर सालीत रुतू नये म्हणून खोडाभोवती आधी रुंद पट्टा गुंडाळतात. आपण गोणपाटाच्या तीन-चार घड्या वापराव्यात. या आडव्या दोरास ठरावीक अंतरावर पक्क्या गाठी मारून तेथून प्रत्येक घोड्याचा दोर खाली सोडावा. त्याची लांबी इतकीच असावी की, घोड्याचे तोंड वैरणीपर्यंत पोहोचेल पण दोर जमिनीवर लोळणार नाही. दोन घोड्यांत किमान ३ मीटर अंतर ठेवावे आणि टोकाचा घोडा झाडापासून दूर राहील असे पाहावे. या पद्धतीत डोक्यावर दोर असल्याने पाय अडकत नाही, झाड वाचते व घोडा थोडा इकडेतिकडे फिरू शकतो. भांडखोर घोडी शेजारीशेजारी बांधू नयेत. मिळून राहणारी जोडी एकत्र ठेवल्यास दोन्ही शांत राहतात.

मुक्कामावर पोहोचल्यावर

ओझे उतरविताच तंग सैल करावा, परंतु खोगीर पाच-दहा मिनिटांनी काढावे. नंतर घामाने भिजलेली पाठ खरारा करून कोरडी करावी व हाताने दाबून पाहावी. जेथे घोडी अंग चोरते तेथे उद्या जखम होणार असे समजावे आणि खोगिराखालील गादी त्या जागी पोकळ करून घ्यावी. चारही खुरे उचलून आतील खडे व काटे काढावेत आणि नाल सैल झाले आहेत काय ते पाहावे. या कामास एका घोड्यामागे पाव तास पुरतो. पाठीस जखम झालेली घोडी मात्र कित्येक आठवडे निरुपयोगी होते.

पाणी

सुमारे २०० किलोच्या तट्टास दिवसाकाठी १५ ते २० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात, ओझ्याचे काम असताना, ते याच्या दीडपट-दुप्पटही होते. घामेजलेल्या घोड्यास पाणी मुळीच देऊ नये, असा समज आपल्याकडे आहे. तो बरोबर नाही. अशा घोड्यास थोडे पाणी पाजावे, काही मिनिटे चालवावे व पुन्हा थोडे पाजावे. पूर्ण थंड झाल्यावर हवे तितके पिऊ द्यावे. चंदी मात्र श्वास पूर्ववत झाल्याखेरीज देऊ नये आणि चंदीच्या आधी पाणी, हा क्रम पाळावा.

पाणी आपल्याच बादलीने पाजावे. गावच्या सामाईक हौदास किंवा परक्या घोड्यांच्या बादलीस आपल्या घोडीचे तोंड लावू देऊ नये. याचे कारण पुढे रोगांच्या विवेचनात येईल.

वैरण व चंदी

वजनाच्या शेकडा दोन या प्रमाणात सुकी वैरण दररोज द्यावी. २१४ किलोच्या तट्टास ती सुमारे सव्वाचार किलो होते. यापैकी मोठा भाग रात्री द्यावा, म्हणजे घोडे रात्रभर गुंतून राहते व दोर कुरतडीत नाही. गवत किंवा चांगला वाळलेला कडबा तोडून द्यावा. मीठ दररोज सुमारे २५ ग्रॅम द्यावे.

काम करणाऱ्या तट्टास एक ते दीड किलो चंदी पुरते. ती दोन-तीन वेळांत विभागून द्यावी व एका वेळी पाऊण किलोपेक्षा अधिक देऊ नये. हरभरा भिजवून व ज्वारी भरडून द्यावी. चंदीचा प्रकार एकाएकी बदलू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. शेतकऱ्याने मेंढ्या बसविल्याबद्दल नवे धान्य दिले म्हणून त्याच रात्री ते घोडीस भरपूर घालणे हे प्रेमाचे लक्षण असले, तरी शहाणपणाचे नव्हे. निघताना जुनी चंदी चार दिवसांची बरोबर ठेवावी व नव्यात मिसळीत जावी.

पुढील पदार्थ घोड्यास मुळीच देऊ नयेत. बुरशी लागलेला मका किंवा कडबा बैलास पचला, तरी घोड्यास तो प्राणघातक ठरू शकतो. बुरशीच्या मक्यातील विषाने घोड्याच्या मेंदूस इजा होते. कोंबड्यांच्या खाद्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबड्यांस ते निरुपद्रवी असले, तरी अल्प प्रमाणातही त्याने घोड्याचे हृदय बंद पडते. पोल्ट्रीजवळ मुक्काम असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. ज्वारीची कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने सुकलेली हिरवी ताटे विषारी असतात.

कुंपणाच्या व रस्त्याकडेच्या वनस्पतींपैकी कण्हेर सर्वांत घातक. तिची मूठभर पाने, वाळलेलीसुद्धा, घोड्याचा जीव घेण्यास पुरेशी होतात. एरंडाच्या बिया, धोतरा व घाणेरी यांपासूनही घोडी दूर ठेवावी. छाटलेल्या कण्हेरीचा ढीग तळाजवळ असल्यास शेतकऱ्याने तो आधीच हलवावा.

वैरणीबरोबर तणांचे बी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते, ही गोष्टही महत्त्वाची आहे. गाजर गवत आपल्या देशात प्रथम १९५५ साली पुण्यात आढळले, आणि आज त्याने कोणते रान सोडले आहे ते शोधावे लागेल. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय वनांत तणविरहित असल्याचा दाखला असलेलीच वैरण घोड्यांसाठी नेऊ देतात. आपल्याकडे असा नियम नसला, तरी गाजर गवत फुलावर आलेल्या बांधावरील वैरण कापून बरोबर नेऊ नये, एवढे प्रत्येकाने पाळावे.

रोगांपासून बचाव

अनेक ठिकाणची घोडी जेथे एकत्र येतात तेथे रोगही एकत्र येतात. त्यांपैकी ग्लँडर्स हा रोग सर्वांत भयंकर होय. नाकातून घट्ट स्राव, नाकाच्या आत व्रण, पायांवर व अंगावर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे आहेत. दूषित पाणी, वैरण व भांडी यांतून तो पसरतो आणि माणसासही होतो. आपल्या राज्यात तो २००६ साली पुन्हा आढळला. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्यान्वये त्याची खबर देणे बंधनकारक आहे. बाधित जनावरावर उपचार करीत नाहीत. रोग इतरत्र पसरू नये म्हणून त्यास मारावेच लागते. बादली व तोबरा प्रत्येकाचा वेगळा ठेवावा असे जे वर सांगितले, ते याच कारणास्तव. यात्रेस जाण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घोड्याच्या रक्ताचा नमुना तपासणीस पाठवावा. घोड्यांच्या रोगांसंबंधी संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र हरियाणात हिसार येथे आहे. अमेरिकेत तर घोड्यांचा सांसर्गिक पंडुरोग नसल्याचा रक्ततपासणीचा दाखला दाखविल्याशिवाय अनेक तळांवर घोडे उतरवूच देत नाहीत.

सर्रा हा रोग गोमाश्यांच्या चाव्यातून पसरतो. ताप चढतो व उतरतो, घोडी खंगत जाते, पोटाखाली व पायांवर सूज येते. पावसाळ्यात व त्यानंतर काही दिवस या माश्या फार असतात. त्या काळात म्हशींच्या डबक्यांजवळ तळ नसावा.

धनुर्वाताचे जंतू जमिनीत व लिदीत असतात आणि पाळीव जनावरांत घोड्यास हा रोग विशेष लवकर होतो. घोड्यास त्याची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. खिळा किंवा तार लागून जखम झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तळ उठल्यानंतर त्या रानात अनवाणी काम करणाऱ्यांनीही जखमेची हयगय करू नये.

पोटशूळ झाल्यास

घोडे वारंवार कुशीकडे वळून पाहते, पायाने जमीन उकरते, लाथ पोटावर मारते, घाम येतो, लीद बंद होते आणि शेवटी ते लोळू लागते. निरोगी घोड्याची नाडी विसावा घेतलेल्या स्थितीत मिनिटास २८ ते ४४ असते. जबड्याखाली बोट ठेवून ती मोजता येते. ती ६० च्या वर गेल्यास प्रकृती गंभीर समजावी.

अशा वेळी वैरण व चंदी ताबडतोब दूर करावी. पशुवैद्यास बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. घोडे शांत उभे असेल तर उभे राहू द्यावे. जोराने लोळत असेल तर हळूहळू चालवावे, पळवू नये. बाटलीने किंवा नळकांड्याने तेल, काढा वा दारू पाजू नये. वेदनेने तळमळणाऱ्या घोड्याच्या घशातून ते फुप्फुसात उतरते. पशुवैद्य तेलाचा उपयोग करतात तो नाकातून जठरापर्यंत नळी घालून, आणि ते काम त्यांचेच आहे.

घोडी धान्याच्या राशीवर चरली असे कळताच, तिला काहीही होत नसले तरी, पशुवैद्यास बोलवावे. लक्षणे दिसू लागण्यास काही तास लागतात आणि तेच काही तास उपचाराचे असतात. दरम्यान चारही खुरांवर थंड पाणी सोडीत राहावे. आम्ही पाहिलेल्या त्या घोडीस पहाटे राशीवर पाहिले गेले होते. परंतु ती धडधाकट दिसत होती म्हणून तिला नुसते हाकलून दुसरीकडे बांधले गेले.

तळ उठविताना

एक तट्टू दिवसाकाठी आठ-दहा किलो लीद टाकते. ती तळावर तशीच सोडू नये व पाण्याच्या वाटेवर तर मुळीच नको. घोड्याच्या पोटातून तणांचे पुष्कळसे बी जिवंतच बाहेर पडते, म्हणून ओली लीद सरळ शेतात पसरण्याऐवजी उकिरड्यात घालून काडीकचऱ्याबरोबर कुजवावी. लीद लवकर तापते. ढीग नीट ओला ठेवून दोन-तीन वेळा वरखाली केल्यास त्या उष्णतेने बी मरते व उत्तम खत तयार होते. मेखांचे खड्डे बुजवावेत, दोराचे तुकडे व तारा वेचाव्यात, चूल पाण्याने विझवावी. ज्या मेंढपाळाचा तळ असा स्वच्छ असतो, त्याला पुढील वर्षी रान शोधीत हिंडावे लागत नाही.

शेतकरी बंधूंनी मेंढ्यांची बोलणी करतानाच आणखी चार गोष्टी ठरवून घ्याव्यात : घोडी किती आहेत, ती कोठे बांधावयाची, पाणी कोठून घ्यावयाचे आणि नुकसान झाल्यास त्याची वाटणी कशी करावयाची. ही बोलणी पाच मिनिटांची आहे. ती आधी झाली तर वादास जागा राहत नाही.

मेंढपाळाच्या कुटुंबात घोडी म्हणजे घराचे आढे आहे. ती गेली की त्या दिवशीचा मुक्काम हलत नाही, माणसांच्या डोक्यावर बोजा येतो व नवी घोडी घेण्यासाठी कळपातील मेंढ्या विकाव्या लागतात. त्या सायंकाळी ते कुटुंब आमच्या गावच्या माळावरच थांबले व दुसऱ्या दिवशी बायका-मुले ओझी घेऊन पायी निघाली. त्यानंतर माझ्या भागात मेंढ्या बसविण्यासंबंधी विचारणा आली की, मी शेतकऱ्याबरोबर प्रथम रानात जातो, आडव्या दोरासाठी दोन झाडे निवडतो, आणि खळ्यापासूनचे अंतर पावलांनी मोजून देतो. मेंढ्यांच्या संख्येची गोष्ट त्यानंतर.